गोष्ट वाचताना मूल नुसतं ऐकत बसतं. कल्पनाशक्ती आणि चिकाटी वाढावी म्हणून नेमकं काय करायचं?

मधलंपान (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी,

३ ते ६ वयाच्या मुलांसोबत गोष्टी वाचण्याबद्दल विचारायचं आहे. रोज वाचायची सवय लागलेली आहे, वेळ ठरलेली आहे, पुस्तकंही आहेत. गाडं अडतं ते त्याच्या पुढे.

१. मध्ये थांबून काही विचारलं की "माहीत नाही" नाहीतर "तूच सांग" एवढंच उत्तर येतं.
२. गोष्ट संपल्यावर चित्र काढायला किंवा स्वतःची गोष्ट रचायला बसवलं की दोन रेघा होतात आणि मग "मला नाही येत, तू काढून दे."
३. रोज तेच एक पुस्तक हवं असतं. नवं दाखवलं की तोंड फिरवलं जातं.
४. जिद्दीच्या गोष्टी वाचून दाखवल्या तर मुलांच्या चिकाटीवर खरोखर परिणाम होतो का? की गोष्ट गोष्टीच्या जागी आणि मूल आपल्या जागी?

वाचनाचं महत्त्व पटलेलं आहे, ते पुन्हा सांगू नका. कुठे थांबायचं, काय म्हणायचं, किती वेळ थांबायचं आणि कुठे चुकतं, हे जाणकारांनी लिहावं ही विनंती.

---

अक्षरवेल

"माहीत नाही" हे उत्तर बहुतेक वेळा चुकीच्या पानावर थांबल्यामुळे येतं. "हा कोण? टोपीचा रंग कुठला? ससा कुठे गेला?" या प्रश्नांची उत्तरं आपल्याला ठाऊक असतात आणि ती आपल्याला ठाऊक आहेत, हे मुलालाही ठाऊक असतं. म्हणजे ती परीक्षाच झाली. परीक्षेत चुकण्यापेक्षा "माहीत नाही" म्हणणं सोपं.

बऱ्या गोष्टीत एक पान असं असतं जिथे पात्र अडतं. दार उघडत नाही, ओढा ओलांडता येत नाही, मित्र बोलत नाही. याला आपण 'अडलेलं पान' म्हणू. थांबायचं ते इथे. उत्तर अजून पुस्तकातही आलेलं नसतं, त्यामुळे मूल आणि आपण एकाच बाकावर बसलेलो असतो.

तयारी अशी: पुस्तक आधी एकट्याने वाचून काढा. अडलेलं पान शोधा आणि तिथे कागदाची पट्टी घाला. वाचताना त्या पानाशी आलात की समोरचं पान तळहाताने झाका, नाहीतर मूल उत्तर चित्रात बघून मोकळं होतं. मग दोन गोष्टी करायच्या: एक छोटा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं.

नमुना देतो. गोष्ट अशी धरा: खारीच्या पिल्लाची लाल टोपी वाऱ्याने ओढ्यापलीकडे नेली आहे. चित्रात एक काठी, दोन दगड, एक मोठं पान आणि एक कासव आहे.

मोठं माणूस: पिल्लाने उडी मारली आणि धप्पकन अलीकडेच पडलं. आता गं?
(मनात पाचपर्यंत मोजा.)
मूल: माहीत नाही.
मोठं माणूस: मलाही सुचत नाहीये. चित्रात काय काय पडलंय ते बघू या.
मूल: पान.
मोठं माणूस: मोठ्ठं पान. त्याचं काय करेल ते?
मूल: बसेल.
मोठं माणूस: पानावर बसेल, होडीत बसतात तसं. आणि मध्येच पान थांबलं तर?
मूल: काठीने ढकलेल!
मोठं माणूस: पानावर बसायचं आणि काठीने ढकलत ढकलत जायचं. तू सांग बरं पिल्लाला, कसं जायचं?
मूल: पानावर बस आणि काठीने ढकल.
मोठं माणूस: झाली एक युक्ती. अजून एक शोधू या?

यात चार पायऱ्या आहेत. आधी विचारलं, उत्तराला दाद दिली, त्यात दोन शब्दांची भर घातली आणि वाढलेलं वाक्य मुलाच्या तोंडून पुन्हा म्हणवून घेतलं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी संवादी वाचनाची पद्धत बसवली, तिच्यात याच पायऱ्या आहेत. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्या अभ्यासात दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांनी एक महिना घरी अशा प्रकारे वाचलं. दुसऱ्या गटातले पालकही तितकंच वाचत होते, पण नेहमीच्या पद्धतीने. महिन्याअखेर पहिल्या गटातली मुलं बोलण्यात स्पष्टपणे पुढे होती.

गप्प बसणं हा सगळ्यात अवघड भाग आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून मोजलं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबत आणि पुढे बोलू लागत. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर मुलांची उत्तरं लांबली आणि "माहीत नाही" कमी झालं. लहान मुलांसाठी पाच सेकंद धरा. पाच सेकंद फार लांब वाटतात, म्हणून मनात मोजायचं.

नेहमी होणाऱ्या चुका:

एका दमात दोन प्रश्न. "आता ते काय करेल, आणि त्याला कसं वाटत असेल?" मूल दुसरा धरतं, पहिला विसरतं आणि दोन्ही सोडून देतं.

तिसऱ्या वर्षी "का?" विचारणं. या वयात "काय?" आणि "कुठे?" जमतं. "का" आणि "कसं" चौथ्या वर्षानंतर हळूहळू आणा.

पहिल्याच उत्तराला "बरोबर!" म्हणणं. ही चूक चांगल्या भावनेने होते, पण "बरोबर" म्हटलं की शोध संपतो. २०११ साली एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना एक खेळणं दिलं. त्यात चार वेगवेगळ्या गमती दडलेल्या होत्या. ज्या मुलांना मोठ्या माणसाने "हे असं चालतं" म्हणून एक गंमत शिकवली, ती तेवढीच करत राहिली. ज्यांच्यासमोर ती जणू चुकून घडली, त्यांनी बाकीच्याही शोधल्या. म्हणून "बरोबर" ऐवजी "ही एक झाली" म्हणा. कमीत कमी दोन युक्त्या, जास्तीत जास्त तीन. पहिली बहुधा कुठेतरी पाहिलेली असते. डोकं चालतं ते दुसरीपासून.

तरीही "माहीत नाही" आलंच तर पायरी खाली उतरा. आधी दोन पर्याय द्या ("पानावर बसेल की कासवाला हाक मारेल?"). तेही चाललं नाही तर मुद्दाम वेडगळ सुचवा ("मला वाटतं पिल्लू अख्खा ओढा पिऊन टाकेल"). मूल "नाहीऽऽ" म्हणून उसळतं आणि तुम्हाला दुरुस्त करता करता बोलू लागतं. एवढं करूनही गप्पच असेल तर पान उलटा आणि पुढे वाचा. उत्तर वसूल करत बसू नका.

---

खडूची_डबी

वरचं बहुतेक पटतं. एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे: नवं पुस्तक पहिल्यांदा वाचताना अजिबात थांबू नये. पहिल्या वाचनात मुलाला गोष्टीचा सूर पकडायचा असतो. मध्ये तोडलं की धागा सुटतो, आणि "पुस्तक म्हणजे प्रश्न" असं समीकरण बसलं तर पुढे पुस्तक उघडायलाच नको होतं. अडलेल्या पानाचा खेळ दुसऱ्या वाचनापासून. "पण मग उत्तर कळलेलं असतं ना?" असं वाटेल. प्रश्न थोडा बदला: "पुस्तकातल्या पिल्लाने कासवाला हाक मारली. कासव झोपलेलं असतं तर?"

बाकी थोडक्यात. चित्रपुस्तक साधारण ३२ पानांचं असतं, त्यात तीन-चारच थांबे पुरेत. तीन वर्षांच्या मुलाला आठ-दहा मिनिटं, पाच-सहा वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस मिनिटं. चुळबुळ सुरू झाली की "एवढं पान संपवू" म्हणू नका, तिथेच खूण ठेवा. पुस्तक मुलाच्या हातात द्या, पानं त्यालाच उलटू द्या. उलटणारा हात ज्याचा, गोष्टीचा वेग त्याचा.

आणि चित्रावर रेंगाळा. मेरी अ‍ॅन इव्हान्स आणि जाँ सेंट-ऑबिन यांनी २००५ साली वाचून दाखवताना मुलांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं. लहान मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रच बघत होती, मजकुराकडे क्वचित. आपण ओळी संपवून पान उलटतो तेव्हा मुलाचं चित्र "वाचून" व्हायचं असतं. ओळी संपल्यावर दोन-तीन श्वास थांबून मगच उलटा. एवढ्या एका बदलाने मुलं आपणहून बोलू लागतात, प्रश्न विचारायचीही गरज पडत नाही.

---

अक्षरवेल

@खडूची_डबी, पहिल्या वाचनाबद्दल तुमचं म्हणणं तीन-साडेतीनच्या आतल्या मुलांसाठी मान्य. पाचच्या पुढच्या मुलांना मात्र पहिल्याच वेळी एकदा, फक्त अडलेल्या पानावर थांबवावं असं माझं ठाम मत आहे. उत्तर खरोखर माहीत नसण्याची संधी एकदाच मिळते. चित्र आणि श्वासांबद्दल पूर्ण सहमत.

---

उंबरठा

चौथ्या प्रश्नावर लिहितो, कारण तिथे गैरसमज फार आहेत.

जिद्दीची गोष्ट नुसती ऐकवून चिकाटी येत नाही. गोष्टीतलं पात्र मुलाच्या अंगात आलं तर मात्र फरक पडतो. २०१७ साली रेचेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी चार आणि सहा वर्षांच्या मुलांना दहा मिनिटांचं एक कंटाळवाणं काम दिलं. हवं तेव्हा उठून मजेदार खेळ खेळायची मुभा होती. एका गटाने मध्ये मध्ये स्वतःला विचारायचं होतं, "मी मेहनत करतोय का?" दुसऱ्या गटाने स्वतःचं नाव घेऊन. तिसऱ्या गटातल्या मुलांनी बॅटमॅनसारखं एखादं मेहनती पात्र व्हायचं होतं आणि विचारायचं होतं, "बॅटमॅन मेहनत करतोय का?" कामाला सगळ्यात जास्त वेळ चिकटून राहिला तो तिसरा गट.

हे गोष्टीशी असं जोडा. पात्र अडतं तिथे त्याच्या तोंडी एक ठेक्याचं वाक्य येत असेल तर ते पकडा. नसेल तर तुम्ही घाला, पण दर वाचनात तेच ठेवा. "पुन्हा एकदा, हळूच एकदा!" असं काही, चार-पाच शब्दांचं. प्रत्येक प्रयत्नाच्या वेळी ते मुलाने म्हणायचं. दहा-बारा वाचनांनी ते त्याच्या जिभेवर बसतं. मग बटण लागत नसेल, ठोकळ्यांचा मनोरा पडला असेल, तेव्हा विचारा: "खारीचं पिल्लू काय म्हणालं असतं?" हे कामाच्या सुरुवातीला किंवा पहिल्या अपयशानंतर लगेच विचारायचं. मूल रडायला लागल्यावर विचारू नका. तेव्हा ते टोमण्यासारखं लागतं, आणि एकदा तसं लागलं की ते वाक्य कायमचं वाया जातं.

पात्र निवडताना बघा: ते किमान दोनदा फसतं का? दुसऱ्या वेळी काहीतरी वेगळं करून बघतं का? सुटका स्वतःच्या प्रयत्नाने होते का? परी आली आणि काम झालं, अशी गोष्ट आनंदासाठी जरूर वाचा, पण चिकाटीसाठी ती उपयोगाची नाही. प्राण्यांच्या गोष्टींबद्दलही एक सांगतो. २०१७ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे ऐकवली. माणसं पात्रं असलेली गोष्ट ऐकल्यावर मुलांनी स्वतःच्या वस्तू जास्त वाटल्या, कपडे घातलेल्या प्राण्यांची ऐकल्यावर तसं झालं नाही. म्हणून खारी-ससे जरूर असू द्या, पण मुलांसारखीच मुलं असलेल्या गोष्टीही हव्यातच.

तात्पर्य सांगू नका. हे मी हात जोडून सांगतो. "बघ, तिने कशी मेहनत केली, तूही कर" म्हटलं की मूल गोष्टीतून बाहेर पडतं आणि तुमच्यासमोर उभं राहतं. भीतीचं तात्पर्य तर मुळीच नको. २०१४ साली कांग ली आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला होता. खोटं बोलल्यामुळे शिक्षा होते अशा गोष्टी ऐकून मुलांचं खरं बोलणं वाढलं नाही. खरं बोलल्याबद्दल कौतुक होतं ती गोष्ट ऐकून वाढलं. चिकाटीच्या गोष्टीतही "सोडून दिलं म्हणून फजिती झाली" पेक्षा "लागून राहिलं म्हणून हाती लागलं" हाच शेवट निवडा.

शेवटचा भाग आपला आहे. मुलं गोष्टीपेक्षा गोष्ट वाचणाऱ्याकडे बघतात. ज्युलिया लेनर्ड आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या अभ्यासात साधारण सव्वा वर्षाच्या बाळांसमोर मोठ्या माणसाने डब्यातून खेळणं काढताना बराच वेळ धडपड केली आणि मग ते काढलं. त्या बाळांनी नंतर स्वतःच्या खेळण्याचं न चालणारं बटण जास्त वेळा दाबून पाहिलं. तेव्हा एखादं अवघड जोडाक्षर वाचताना अडखळलात तर गुळमुळीत करून पुढे पळू नका. मोठ्याने म्हणा, "थांब हं, हे नाही जमलं. तुकडे करून बघते... जमलं." अशी अडखळ मुलाने पाहायलाच हवी.

---

मधलंपान

खूप उपयोगी. सगळ्यांचे आभार. आणखी तीन शंका: (अ) पाच-सहा मुलं एकत्र असली की एकच मूल सगळी उत्तरं देतं, त्याचं काय करावं? (आ) "किती हुशार!" म्हणू नये असं ऐकलं आहे, मग काय म्हणायचं? (इ) वाचनासाठी तारे चिकटवायचा तक्ता लावावा का? आणि मूळ प्रश्नातलं "तू काढून दे" राहिलंच.

---

पाटीपेन्सिल

(इ) पासून सुरू करते, ते लवकर संपेल. तक्ता लावू नका. १९७३ साली मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाची, मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं घेतली. "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल" असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ज्यांना तेच बक्षीस न सांगता अचानक मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे बिघडवते ती अट.

(आ) "हुशार" हा शब्द आपल्या तोंडात फार बसलेला आहे, तो एकदम जाणार नाही. मेलिसा कामिन्स आणि कॅरल ड्वेक यांनी १९९९ साली पाच-सहा वर्षांच्या मुलांसोबत बाहुल्यांच्या खेळातून हे तपासलं. ज्यांचं "तू चांगली मुलगी, तू हुशार" असं माणूस म्हणून कौतुक झालं होतं, ती पुढे चूक झाल्यावर लवकर खचली. ज्यांच्या प्रयत्नाचं, पद्धतीचं कौतुक झालं, ती पुन्हा करून बघायला तयार होती. व्यवहारात सोपा नियम: जे डोळ्यांनी दिसलं तेच बोला. "पहिलं पान बुडालं, मग तू काठी शोधलीस." "हे घर तू दोनदा खोडलंस आणि तिसऱ्यांदा छप्पर मोठं केलंस." क्रियापद आलं की कौतुक आपोआप ठीक बसतं. पण उगाच "किती प्रयत्न केलेस!" असंही नको. काम सोपं असताना असं म्हटलं तर मुलाला ते लगेच कळतं.

(अ) गटात तोंडी उत्तराऐवजी हातांनी उत्तर मागा. अडलेल्या पानावर "पिल्लू काय करेल ते मला करून दाखवा, आवाज न करता" म्हणा. सगळी एकदम करतात, बोलकं मूल अडवावं लागत नाही आणि अबोल मुलांना वाट मिळते. मग अबोल मुलाच्या कृतीला शब्द द्या: "हा बघा, दगडावरून दगडावर उड्या मारतोय." सहापेक्षा जास्त मुलं असतील तर जोड्या करा, आधी शेजाऱ्याला सांगायचं. मोठ्या गटात एकेकाची पाळी लावली की बाकीची मुलं निसटतात.

आता "तू काढून दे".

मुलाच्या कागदावर आपण रेघ ओढायची नाही. एकही नाही. मोठ्यांची सफाईदार खार कागदावर आली की मुलाची खार तिच्याशेजारी कायमची चुकीची ठरते. आपला कागद वेगळा घ्या, शेजारी बसा आणि आपलंही चित्र काढा, जरा अडत, खोडत. मग काम लहान करा. "खार काढ" हे फार मोठं काम आहे. "शेपूट कुठून सुरू होते?" हे जमण्यासारखं आहे. तरी हात थांबलाच तर "आज एवढंच" म्हणायला हरकत नाही, पण कागद फेकायचा नाही. 'अर्धवट' असं लिहिलेली एक पिशवी ठेवा, त्यात कागद जातो आणि दुसऱ्या दिवशी गोष्टीआधी पिशवी उघडायची. पुढे काढायची सक्ती नाही, फक्त बघायचं. बरीचशी मुलं दोन-तीन दिवसांनी स्वतःच एखादी रेघ घालतात. अर्धवट राहिलेलं काम वाया जात नाही, ते थांबलेलं असतं, हे मुलाला त्या पिशवीतून दिसतं.

गोष्ट रचायला लावताना कोरा कागद पुढे ठेवू नका. मुलाने सांगायचं, आपण लिहायचं. शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन गसिन पेली यांनी ही पद्धत अनेक वर्षं वर्गात वापरली आणि तिच्यावर लिहिलं: मूल सांगतं, शिक्षिका लिहून घेते, आणि त्याच दिवशी सगळी मिळून ती गोष्ट करून दाखवतात. घरीही हे होतं. बारकावे हे:

एका पानाची मर्यादा ठेवा. पान भरलं की गोष्ट थांबते, उरलेली उद्या. मर्यादा नसेल तर "आणि मग, आणि मग" चालू राहतं आणि शेवट येतच नाही.

मूल बोलतं तसंच लिहा. "तो ससा गेली" म्हटलं तर "गेली" लिहा. दुरुस्त केलं की मूल पुढचं वाक्य सांगण्याआधी तुमच्याकडे बघतं आणि गोष्ट तुमची होते. व्याकरण वाचनातून येतंच.

लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणा, म्हणजे मुलाचा वेग तुमच्या पेनाशी जुळतो. शेवटी अख्खं वाचून दाखवा आणि विचारा, "असंच ना? काही बदलायचं?" इथे मूल "नाही, तो घाबरला नव्हता" असं म्हणालं तर समजा की मोठं काम झालं. तीन-चार वर्षांचं मूल स्वतःची वाक्यं मागे जाऊन सुधारतंय, यापेक्षा चांगली चिकाटी कुठली?

मग लगेच, त्याच दिवशी करून दाखवायचं. पात्र कोण व्हायचं ते लेखक ठरवतो. वेशभूषा नको, सामान नको. दोन-तीन मिनिटांत आटपतं, पण आपण सांगितलेल्या शब्दांनी माणसं हलतात हे मुलाला दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट लांबते.

---

अक्षरवेल

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: तेच पुस्तक हवं असणं ही तक्रार नव्हेच. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभरात गोष्टी वाचून दाखवल्या. एका गटाला त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा, दुसऱ्याला दर वेळी वेगळ्या. नवे शब्द दोघांच्याही कानावर सारख्याच वेळा पडले. ते शब्द चांगले आले ते तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांना. पुढे काय होणार याची चिंता संपली की लक्ष बारकाव्यांकडे जायला मोकळं होतं.

फक्त दर वेळी आपलं काम बदला. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला वाक्याचा शेवट सोडून द्या: "आणि पिल्लू पडलं..." मूल "धप्पकन!" म्हणेल. मराठीत अशा शब्दांची चैन आहे, सर्रकन, टुणकन, भस्सकन. तेच सोडायचे, मुलांना ते आधी पकडता येतात. सातव्या-आठव्या वाचनाला पुस्तक मुलाच्या हातात देऊन "आज तू वाच" म्हणा, चित्रं बघून ते सांगेल. त्यानंतर एक धागा बदला: टोपी जड असती तर? ओढ्याऐवजी भिंत असती तर? एका वेळी एकच. दोन बदलले की जुन्या गोष्टीचा आधार सुटतो. नवं पुस्तक जुन्याच्या जागी आणू नका, जुन्याच्या नंतर आणा आणि फक्त पहिली दोन पानं वाचून ठेवून द्या.

कल्पनेसाठी आणखी एक खेळ, पुस्तकाशिवाय. इटलीचे बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांची युक्ती आहे: एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि त्यांच्यात नातं जोडायचं. त्यांनी ते त्यांच्या भाषेतल्या 'चा', 'सोबत', 'वर' अशा अर्थाच्या, नामाआधी येणाऱ्या छोट्या शब्दांनी केलं. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आहेत, हे काम त्यांनी फारच छान होतं. समजा चिठ्ठ्यांतून 'छत्री' आणि 'खिडकी' निघाले. छत्रीची खिडकी. छत्रीला खिडकी. खिडकीतली छत्री. खिडकीसाठी छत्री. "छत्रीला खिडकी" म्हटल्यावर मूल विचारतं की तिच्यातून पाऊस आत येईल ना? की झाली गोष्ट सुरू. शब्द चिठ्ठ्यांवर लिहून दोन डब्यांत ठेवा, एका डब्यात घरातल्या वस्तू, दुसऱ्यात बाहेरच्या. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं. 'ससा' आणि 'गाजर' अशी जोडी निघाली तर परत टाका, ती गोष्ट आधीच ठरलेली असते.

---

घडीचा_कागद

पाटीपेन्सिल यांनी लिहून घ्यायचं सांगितलं, त्याला पुस्तकाचं रूप द्या. एका कागदाचं, एकच काप देऊन, डिंक-टाचणीशिवाय आठ बाजूंचं पुस्तक होतं: पुढचं आवरण, मागचं आवरण, आत सहा पानं. उघडल्यावर तीन जोड्या दिसतात, गोष्टीला नेमक्या पुरतात: कोणाला काय हवंय, कुठे अडलं, पुढे काय झालं. दुसरी जोडी म्हणजे अडलेलं पान, तिथे एका बाजूला फसलेला प्रयत्न आणि दुसऱ्या बाजूला नवा.

ए-४ कागदाचं पान ७.४ × १०.५ सेंमी होतं, चार वर्षांच्या हाताला ते अपुरं पडतं. ए-३ घ्या, पान साधारण १०.५ × १४.९ सेंमी येतं. कागद नेहमीच्या छपाईचाच, ७० ते ८० ग्रॅमचा (जीएसएम). कार्डपेपर घेतला तर घड्या फुगतात आणि पुस्तक मिटत नाही.

कागद आडवा ठेवा. लांब कडा एकमेकींवर आणून घडी घाला आणि उघडा. आखूड कडा एकमेकींवर आणून घडी, उघडा. मग दोन्ही आखूड कडा मधल्या घडीपर्यंत आणून घड्या, उघडा. आठ चौकटी दिसतील. आता पुन्हा आखूड कडांवर अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून, मधल्या आडव्या घडीवरून, पहिल्या उभ्या घडीपर्यंत कापा. उघडून लांबीने दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, मधली फट उघडून चार पाकळ्या होतील, त्या एका बाजूला मिटवा. प्रत्येक घडी नखाने घासा. काप मोठ्यांनी द्यावा, घड्या मुलाने घालाव्यात. वाकड्या आल्या तरी चालतात.

चित्रं पुस्तक मिटल्यावरच काढायची. सपाट कागदावर आधी काढली तर वरच्या चार चौकटी उलट्या येतात.

---

मधलंपान

करून पाहिलं, कागदाचे दोन तुकडे झाले. काय चुकलं?

---

घडीचा_कागद

काप उभी घडी ओलांडून शेवटपर्यंत गेला असेल. कापण्याआधी दुमडलेली बाजू बोटाने चाचपून बघा, तिथे एकसंध कड लागते. ए-३ ला काप फक्त १०.५ सेंमी लांब हवा. उभ्या घडीवर पेन्सिलने ठिपका द्या आणि कात्री तिथे थांबवा. झालेले तुकडे टाकू नका, एकेका तुकड्याची तीन घड्यांची, चार चौकटींची पट्टी होते, आवरण आणि तीन प्रसंगांच्या गोष्टीला तेवढी पुरते.